सरांचा पासवर्ड माझ्या मोबाइलमध्ये

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. 'तुला कॉम्प्युटरचं कळतं' म्हणून विभागातल्या पाच कायम प्राध्यापकांचे अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर मीच भरते. सगळ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत, ओटीपी ते फोनवर सांगतात. गेल्या महिन्यात प्राचार्यांच्या नावाने मेल आला, 'मी मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट व्हाउचर घेऊन कोड पाठवा.' एका सरांनी पाठवले. आठवड्याभराने एका मॅडमनी 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे' अशा लिंकवर पासवर्ड टाकला. स्टाफरूममध्ये दोघांची चेष्टा अजून चालू आहे. आता प्राचार्यांनी मला विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची एकदिवसीय कार्यशाळा घ्यायला सांगितलंय. काय शिकवू? या पासवर्डांचं काय करू? आणि नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी तासिका मिळतील का, ही धास्ती आहेच.
(नाव छापू नये)

नमस्कार मॅडम,

कार्यशाळेकडे नंतर येऊ. आधी तुमच्या मोबाइलमधल्या त्या पाच पासवर्डांबद्दल, कारण त्यात सगळ्यात जास्त धोका तुम्हालाच आहे. उद्या एखाद्या मुलाचे बाराचे अठरा झाले, किंवा अठराचे बारा, तर पोर्टलच्या नोंदीत नाव सरांचं दिसेल. सर म्हणतील, 'मी त्या दिवशी कॉलेजातच नव्हतो, भरायचं काम ती बघते.' आणि ते खरंही असेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं ६६-सी हे कलम दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरण्याबद्दल आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या मनात तसं काही नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. पण ते सिद्ध करत बसायची वेळ आली तर तुमच्या बाजूने बोलायला कोण उभं राहील, याचा अंदाज तुम्हालाही असेल.

यासाठी भांडायची गरज नाही. काम नाकारू नका, फक्त ते करायची पद्धत बदला. सर शेजारच्या खुर्चीत बसतील, पासवर्ड आणि ओटीपी स्वतः टाकतील, तुम्ही गुण भराल, शेवटी सर यादीवरून एकदा नजर फिरवून स्वतः सबमिट करतील आणि बाहेर पडतील. एका वर्गाच्या यादीला चहाचे फार तर दोन कप लागतील. बोलायचं ते एवढंच : 'सर, पुढेमागे गुणांत घोळ निघाला तर पहिलं बोट माझ्याकडे येणार. पासवर्ड तेवढा तुम्ही टाका, बाकी सगळं मी करते.' यावर रागावायला जागा उरत नाही. शिवाय तुमच्या पोर्टलवर गुण भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी वेगळी लॉगिन मिळतात का, हे परीक्षा विभागात विचारून घ्या. मिळत असतील तर प्रश्नच मिटला.

ज्या दिवशी हे सुरू होईल त्याच दिवशी पाचही जणांना पासवर्ड बदलायला सांगा, आणि ते बदलत असताना तुम्ही तिथे थांबू नका. नुसते मेसेज पुसून भागत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप ढगात, म्हणजे क्लाउडवर, कुठेतरी गेलेला असतो, आणि तुम्ही पुसलं तरी सरांच्या फोनवर ते तसंच राहतं.

आपल्या महाविद्यालयांत पासवर्ड फुटतात ते चोरीने कमी आणि भिडेने जास्त, असं माझं मत आहे. ज्येष्ठांनी मागितला म्हणून दिला, ज्येष्ठांनी दिला म्हणून ठेवून घेतला, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणाऱ्या दादाला आधारचा ओटीपी वाचून दाखवला. तुमच्या प्राचार्यांच्या नावाचा तो मेलही याच जोरावर चालला. त्यात व्हायरस नव्हता की हॅकिंग नव्हतं. साहेब घाईत आहेत, त्यांना उलटा फोन करून 'हे तुम्हीच पाठवलंत का' असं कसं विचारायचं, या संकोचावर कुणीतरी पैसे कमावले. मोबाइलवर मेल उघडला की फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो, आणि तो बहुतेक वेळा कुठल्या तरी भलत्याच जीमेलचा असतो. हे मुलांना शिकवाच. पण खरा उपाय प्राचार्यांच्या हातात आहे. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः म्हणायला हवं, 'मी पैसे, व्हाउचर किंवा ओटीपी मेलवर, व्हॉट्सॲपवर कधीही मागणार नाही. तसा मेसेज आला तर रात्री अकरा वाजतासुद्धा मला फोन करा.' आणि त्याचं परिपत्रक निघायला हवं. परिपत्रकांची आपण कितीही टर उडवली तरी इथे त्याचा उपयोग आहे. नाही म्हणणाऱ्याला समोरच्या माणसाकडे न बघता कागदाकडे बोट दाखवता येतं.

आता त्या मॅडमबद्दल, कारण त्यांचं काम अजून अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे. खोट्या पानावर पासवर्ड टाकल्यानंतर बहुतेक लोक तो बदलतात आणि सुटलो म्हणतात. पण मेलमध्ये शिरलेला माणूस बऱ्याचदा लगेच एक गोष्ट करून ठेवतो : सेटिंग्जमध्ये जाऊन येणारा प्रत्येक मेल आपल्याकडेही यावा, किंवा अमुक मेल थेट कचऱ्यात जावा, असा नियम टाकतो. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम तसाच राहतो. म्हणून मॅडमच्या शेजारी बसून तीन गोष्टी बघा. फॉरवर्डिंग आणि फिल्टरमध्ये अनोळखी काही आहे का, खातं वाचवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि दुसरा मेल त्यांचाच आहे का, आणि कुठकुठल्या उपकरणांवर ते खातं उघडं आहे. अनोळखी असेल ते काढून टाका. तोच पासवर्ड त्यांनी पोर्टललाही ठेवला असेल तर तिथलाही आजच बदला. त्यांना विचारलंत तर त्या 'हो' म्हणतील, अशी माझी खात्री आहे.

आणि चेष्टा थांबवा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये असाच एक मेल कुणीतरी उघडला. त्या दिवशी काहीच झालं नाही. आत शिरलेले लोक दोन महिने शांतपणे फिरत राहिले, नोव्हेंबरमध्ये अपडेट न केलेल्या सर्व्हरमधून त्यांनी सगळे अधिकार मिळवले, आणि २३ डिसेंबरला, नाताळची सुट्टी तोंडावर असताना, २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्याच नेटवर्कवर होते, तेही गेले. विद्यापीठाने शेवटी खंडणी म्हणून ३० बिटकॉइन मोजले, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे दोन लाख युरो. पण पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी हे सगळं, आपल्या चुकांसकट, जाहीर मांडलं. तुमच्या स्टाफरूममध्ये जो कुणी यापुढे लिंक दाबेल तो चेष्टेच्या भीतीने गप्प बसणार, आणि शिरलेल्या माणसाला हवे असतात ते हेच गप्प दिवस. ज्या सरांचे पैसे गेले त्यांनी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला होता का? पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मधल्या खात्यात गोठवता येण्याची आशा असते. व्हाउचरचे कोड एकदा वापरले गेले की ते जवळजवळ गेलेच. तरीही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवावी.

पासवर्डाचं थोडक्यात. कॉलेजचं नाव, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन, हा प्रकार बंद. मोबाइल क्रमांक, मुलांची नावं, जन्मतारीख हेही नको. 'आईचं नाव काय?' असा सुरक्षा प्रश्न कुठे असेल तर खरं उत्तर देऊ नका. महाराष्ट्रात दहावी-बारावीचा निकाल बघायलाच बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं, गुणपत्रिकेवरही ते छापलेलं असतं. ते गुपित कसं राहील? दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची जी सक्ती काही ठिकाणी असते ती माझ्या मते निरुपयोगी आहे. माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, बाकी काही बदलत नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासून अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको, लांबी वाढवा, असंच म्हटलंय. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहा, मध्ये एखादा आकडा घाला, झाला चांगला पासवर्ड. अभंगाची ओळ नको, ती सगळ्यांना पाठ असते. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवायचा तर लक्षात राहणार नाही, म्हणून बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं फुकट मिळणारं पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप, वापरा. ज्येष्ठांना ते जमणार नसेल तर घरच्या कपाटातली वही चालेल. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी चालणार नाही.

एकच खातं नीट सांभाळायचं असेल तर मेलचं सांभाळा. मेल ज्याच्या हातात, त्याला 'पासवर्ड विसरलो' दाबून बाकीची सगळी दारं उघडता येतात. तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावा, आणि एसएमएसऐवजी तो कोड फोनवरच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप निवडा. गावाकडे रेंज नसली तरी ते ॲप कोड देतं, कारण त्याला नेटवर्क लागतच नाही. फोन हरवला तर आत शिरता यावं म्हणून मिळणारे बॅकअप कोड छापून घरी ठेवा. हा भाग लोक टाळतात आणि मग फोन बदलला की स्वतःच बाहेर राहतात.

स्टाफरूमचा संगणक हे वेगळंच प्रकरण असतं. एकच विंडोज खातं, त्यालाच ॲडमिनचे अधिकार, आणि ब्राउझरने दहा जणांचे पासवर्ड साठवलेले. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते कुणालाही वाचता येतात, याचं प्रात्यक्षिक दाखवलंत तर पूर्ण स्टाफरूम सुन्न होईल. मात्र ते स्वतःच्या खात्यावर दाखवा, कुणा सरांच्या नको. सामायिक संगणकावर गेस्ट विंडो उघडायची, 'सेव्ह करू का?' याला नाही म्हणायचं, उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं. रोजच्या वापरासाठी साधं खातं करून ॲडमिनचा पासवर्ड प्रयोगशाळा सहायकाकडे ठेवावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्यांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच. जुन्या मराठी फॉन्टसाठी म्हणून एखादं जुनं मशीन ठेवलेलं असतं. ते असू द्या, पण त्याची नेटची केबल काढा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबणाऱ्या कितीतरी जणांचे संगणक त्यात सापडले.

विद्यार्थ्यांचं जग मात्र स्टाफरूमपेक्षा निराळं आहे, त्यांना वेगळं बोला. त्यांच्या वाटेत सगळ्यात आधी येतं ते झेरॉक्सचं दुकान. तिथला संगणक म्हणजे गावाचा पाणवठा, दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह त्यात तोंड घालून जातात. शॉर्टकट व्हायरस म्हणजे काय हे मुलांना समजवावं लागणार नाही, फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसल्याचा अनुभव निम्म्या वर्गाला असेल. प्रिंटसाठी एक स्वस्तातला पेनड्राइव्ह वेगळा ठेवायचा, त्यात फक्त ती एक पीडीएफ टाकायची, घरी आल्यावर फॉरमॅट करायचा. दुकानात जीमेल उघडायचं नाही. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवला तर प्रिंट निघाल्यावर त्याच्यासमोरच 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायचा आणि संगणकावर उतरलेली प्रतही पुसायला सांगायची. तो माणूस भला असतो, पण त्याच्या मशीनवर कोण बसतं ते त्यालाही माहीत नसतं. आधारची प्रत जिथे चालते तिथे मास्क्ड आधार द्यावं. यूआयडीएआयच्या साइटवरून ते मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मग क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेलं चोरीचं, सॉफ्टवेअर. यावर नैतिक प्रवचन देऊ नका, मुलं ऐकणार नाहीत, आणि संख्याशास्त्रासाठी लागणाऱ्या एसपीएसएसची किंमत बघितली तर त्यांचा फार दोष आहे असंही मला वाटत नाही. एवढंच सांगा की 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं ज्याच्या सूचनांमध्ये पहिल्या ओळीत लिहिलंय, ते आपल्या संगणकात काय ठेवून जातं हे बघायला मग कुणीच उरत नाही. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे कितीतरी प्रकार याच वाटेने पसरलेत. आकडेमोडीला जामोवी किंवा आर, लेखनाला लिब्रेऑफिस, संदर्भांना झोटेरो, हे सगळं फुकट आणि उजळ माथ्याने मिळतं. कॉलेजच्या मेलवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस विनामूल्य मिळू शकतं का, हेही तपासा. मिळत असूनही कुणी चौकशीच केलेली नाही, असं अनेक ठिकाणी असतं.

पीएच.डी. करणाऱ्यांना वेगळं बाजूला घेऊन प्रबंधाच्या प्रतींबद्दल विचारा. लॅपटॉपवर एक, ढगात एक आणि एका हार्ड डिस्कवर एक. ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद होते.

आणखी दोन गोष्टी मुलांना कुणी सांगत नाही. 'लग्नाचं निमंत्रण' किंवा 'आरटीओ चलान' म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल हे चित्र किंवा पत्रिका नसते, ते ॲप असतं, आणि ते फोनमधले ओटीपी वाचतं. दुसरं, 'तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं म्हणणारा सीनियर. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. वसतिगृहातल्या मुलांना हे दोनदा सांगा.

उलट बाजूने, मुलांच्या माहितीची वाट आपणही लावतो. नाव, मोबाइल, जात, बँक खातं असलेली गुगल शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' खुली ठेवून वर्गाच्या ग्रुपवर टाकणं, हा प्रकार शिक्षकांच्या हातून रोज होतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय, तो नुसता कंपन्यांसाठी नाही. कार्यशाळेच्या आधी तुमच्या विभागाच्या जुन्या शीट बंद करून टाका.

कार्यशाळेबद्दल माझं म्हणणं असं की दिवसभराची घेऊच नका. कर्मचाऱ्यांची वेगळी आणि आधी घ्या. विद्यार्थ्यांसमोर 'मला हे येत नाही' असं कुठलेही सर म्हणणार नाहीत. डोक्यावर टोपी ओढलेल्या, काळ्या कपड्यांतल्या हॅकरच्या स्लाइड नकोत. दीड तास प्रयोगशाळेत बसवा, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन असू द्या. मेलला टू-स्टेप लावून, बॅकअप कोड कागदावर उतरवून, व्हॉट्सॲपचा पिन टाकून आणि जोडलेल्या उपकरणांतली अनोळखी नावं काढूनच माणूस उठेल. प्रिंटर चालू ठेवा. प्रमाणपत्र त्यानंतर. नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फाइलला फोटो लागतात, ते यातही निघतात. कार्यालयातल्या लिपिकांना आणि ग्रंथालयातल्या लोकांना वगळू नका. प्रवेश, फी आणि शिष्यवृत्तीची सगळी खाती त्यांच्याच टेबलावर असतात, आणि कार्यशाळेची नोटीस मात्र प्राध्यापकांनाच जाते.

राहिली तुमची धास्ती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाने पाच कायम प्राध्यापकांना नियम सांगायचा हे आपल्याकडे अवघडच आहे. म्हणून एकट्याने सांगू नका. परीक्षा समितीतलं किंवा आयक्यूएसीमधलं (अंतर्गत गुणवत्ता कक्षातलं) कुणीतरी कायम, समंजस माणूस गाठा. बऱ्याच ठिकाणी ग्रंथपाल असे असतात. तुमच्या पत्रातल्या दोन घटनांचा उल्लेख करून, कुणाचंही नाव न घेता, प्राचार्यांना एक पानी अर्ज लिहा : गुण भरताना ज्याचं लॉगिन त्यानेच पासवर्ड टाकावा, आणि पैशांबद्दलचं ते परिपत्रक काढावं. सही आधी त्या कायम सहकाऱ्याची, खाली तुमची. प्राचार्यांनी कार्यशाळेचं काम स्वतःहून दिलंय, तेव्हा 'कार्यशाळेच्या तयारीतून सुचलेल्या बाबी' म्हणून ते सहज मांडता येईल, तक्रारीचा सूर येणार नाही. अंतर्गत गुण भरण्याची मुदत सुरू व्हायच्या आधी द्या, कारण घाईच्या आठवड्यात 'यंदा असंच करू, पुढच्या सत्रापासून बघू' हे ठरलेलं उत्तर मिळतं. आणि आवक क्रमांक टाकलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा.